रिपोर्ट टेम्प्लेट: आलेखातली वेलांटी एकदाची जागेवर

झालं! क्वार्टोत (मजकूर आणि आर भाषेतला कोड एकत्र घेऊन त्यातून पीडीएफ किंवा वर्डचा रिपोर्ट बनवणारं साधन) मी जे मराठी रिपोर्टचं टेम्प्लेट करतोय, त्यातल्या आलेखात अक्षाखाली 'विद्यार्थी' हा शब्द नीट उमटला. मजकूर, तळटीपा, तक्त्यांची शीर्षकं हे सगळं मागच्या वेळीच लुआलाटेकमध्ये (पीडीएफची पानं जुळवणाऱ्या लाटेकचा एक प्रकार) मार्गी लागलं होतं. अडलं होतं ते जीजीप्लॉट या आरच्या पॅकेजने काढलेल्या आलेखांपाशी, आणि या हप्त्यात दुसरं काही झालेलंच नाही म्हटलं तरी चालेल.

दुखणं असं, की पीडीएफचा मजकूर लुआलाटेक जुळवतं. तिथे फॉन्टच्या पर्यायांत हार्फबझ रेंडरर (अक्षरांची जोडणी करणारा घटक) आणि देवनागरी लिपी सांगितली की जोडाक्षरं, रफार, वेलांट्या आपापल्या जागी जातात. आलेख मात्र आर त्याआधीच आपल्या ग्राफिक्स डिव्हाइसवर (आलेखाची फाइल बनवणारा भाग) काढून मोकळा झालेला असतो. लाटेकच्या हाती पडतं ते तयार चित्र. त्यामुळे प्रीअँबलमध्ये (लाटेक फाइलच्या सुरुवातीच्या सेटिंग्जमध्ये) कितीही डोकं आपटलं तरी आलेख ढिम्म हलत नाही.

आरच्या नेहमीच्या पीडीएफ डिव्हाइसने देवनागरीच्या जागी नुसते टिंब टिंब दिले. शोटेक्स्ट हे पॅकेज लावल्यावर अक्षरं आली, पण कशी? पहिली वेलांटी 'व'च्या आधी यायची ती नंतर, 'द'चा पाय मोडलेला आणि 'य' सुटा, रफार तर नाहीच, 'र'खाली उघडा हलंत. शोटेक्स्ट एकेक चिन्ह सुटं घेऊन त्याची आकृती काढतं, शेपिंग (शेजारची चिन्हं बघून अक्षरांचे आकार आणि जागा जुळवणं) करत नाही. रोमन लिपीला त्याने फारसं बिघडत नाही, आपल्याला चालत नाही.

मग आरचंच दुसरं डिव्हाइस, कैरो पीडीएफ. माझ्या लिनक्सवर त्याच्यामागे पँगो ही शेपिंग करणारी लायब्ररी असल्याने शब्द एकदम सुरेख आला, आणि व्हेक्टर (कितीही मोठं केलं तरी कडा न फुटणारं) चित्र मिळाल्याचा आनंद वेगळाच. तोच प्रकल्प मित्राच्या मशीनवर रेंडर केला तर आलेखात भलताच फॉन्ट. एरर नाही, वॉर्निंग नाही. त्याच्याकडे आलेखांसाठीचा मुक्ता हा फॉन्ट बसवलेलाच नव्हता आणि फॉन्ट शोधून देणाऱ्या फाँटकॉन्फिगने गुपचूप दुसरा उचलला. प्रकल्पाची पॅकेजेस सांभाळणाऱ्या आरएन्व्हची लॉकफाइल आरची आवृत्ती आणि पॅकेजेस नोंदवते, फॉन्ट नाही. पुनरुत्पादनक्षम म्हणवणाऱ्या रिपोर्टचा चेहराच मशीनगणिक बदलणार असेल तर काय उपयोग?

म्हणून आता फॉन्टच्या फाइली प्रकल्पाच्याच फोल्डरमध्ये ठेवल्या आहेत. मजकुराला तिरो देवनागरी मराठी (त्यातले आपल्या वळणाचे 'ल' आणि 'श' बघूनच मी तो घेतला), आलेखांना मुक्ता. दोन्ही ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्याने सोबत पाठवायला हरकत नाही. लाटेकला फोल्डरचा पाथ दिला, आरमध्ये सिस्टिमफॉन्ट्स पॅकेजने फॉन्ट रजिस्टर केला. गोची अशी, की हे रजिस्टर केलेले फॉन्ट कैरोला दिसतच नाहीत. रॅग या आणखी एका डिव्हाइसला दिसतात, आणि रॅग शेपिंगही करतं. शेवटी निटरचं (रिपोर्टमधला आरचा कोड चालवणारं पॅकेज) डिव्हाइस रॅगच्या पीएनजीवर नेलं, रिझोल्यूशन 300 डीपीआय. मित्राकडे पुन्हा रेंडर केलं, हुबेहूब तेच पान.

पीएनजी व्हेक्टर नसल्याने झूम केल्यावर कडा फुटतात, ते खटकतंच. छपाईला पुरेसं आहे, असं सध्या मनाला समजावतोय.

किरकोळ प्रगती: मुखपृष्ठासाठी पॅन्डॉकचं (क्वार्टो आतून वापरतं ते फाइल-रूपांतराचं साधन) अख्खं टेम्प्लेट कॉपी करून बदलायचं सोडून दिलं. क्वार्टोत शीर्षकाचं तेवढं पार्शल (टेम्प्लेटचा तुकडा) बदलता येतं, बाकीचं मूळचंच राहतं. अख्खी कॉपी ठेवली की क्वार्टोची नवी आवृत्ती आली रे आली की जुळवाजुळव नव्याने. मला तर पार्शलचाच मार्ग पटतो. वर्डच्या रेफरन्स डॉकमध्येही (रिपोर्ट ज्यातल्या स्टाइल घेतो ती नमुना फाइल) एक गोष्ट हाती लागली: तक्त्यांच्या खान्यांतला मजकूर 'कॉम्पॅक्ट' स्टाइल घेतो. ओळींमधली जागा तिथे कमी केली आणि तक्ते आटोपशीर झाले.

पुढचा बेत खरं तर वर्डचं शीर्षक-पान हा होता. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं: क्वार्टो 1.4 पासून टाइप्स्टचं (लाटेकसारखंच पानं जुळवणारं साधन) आउटपुट देतं, टाइप्स्टला फॉन्टचं फोल्डर सांगता येतं आणि ते एसव्हीजी (व्हेक्टर) चित्रंही घेतं. आरच्या एसव्हीजीलाइट डिव्हाइसने आलेख काढला तर त्यातला मजकूर मजकूर म्हणूनच राहतो. टाइप्स्टने तो आपल्या फोल्डरमधल्या मुक्तात जुळवला, तर व्हेक्टरही मिळेल आणि फॉन्टही सोबत येईल. वर्ड थांबेल थोडं. आज रात्री आधी एकच आलेख घालून बघतो.