गिलीज उरलं नव्हतं, तरी गेलो

टेक्ससमध्ये ह्यूस्टनला लागून असलेल्या पॅसाडीनाला जाऊ म्हटल्यावर भावजय म्हणाली, "ताई, तिथं रिफायनऱ्यांशिवाय काही नाहीये हो. त्यापेक्षा गॅल्व्हस्टनला जाऊ, समुद्र तरी दिसेल." पण ह्यूस्टनला भावाकडे यायचं ठरलं, तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं होतं की 'अर्बन काउबॉय' जिथं घडला ती जागा बघायचीच.

हा सिनेमा १९८० चा. जेम्स ब्रिजेसचं दिग्दर्शन, जॉन ट्रॅव्होल्टा आणि डेब्रा विंगर. खेड्यातून आलेला बड काकाच्या ओळखीनं रिफायनरीत कामाला लागतो, रात्री गिलीज नावाच्या क्लबात नाचायला जातो. तिथं त्याला सिसी भेटते आणि थोड्याच दिवसांत दोघं लग्न करून एका ट्रेलरमध्ये संसार मांडतात. गिलीज खरोखरच होतं. गायक मिकी गिली आणि त्याचा भागीदार शेरवूड क्रायर यांनी १९७१ मध्ये ते सुरू केलं होतं. ॲरन लेथम या पत्रकारानं १९७८ मध्ये 'एस्क्वायर' मासिकात तिथल्या तरुण गिऱ्हाइकांवर लेख लिहिला, त्यावरून हा सिनेमा निघाला आणि त्याचं चित्रीकरणही त्याच क्लबात झालं.

आम्ही २२५ नंबरच्या हायवेनं निघालो. दोन्ही अंगांना टाक्या, उंच कॉलम, पाइपांची जाळी आणि एका चिमणीच्या टोकाला भर दुपारी जळणारी ज्योत. काचा बंद होत्या तरी वास आत आलाच. भाऊ आणि मी एकदमच एकमेकांकडे बघितलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत वाढलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

आमचे बाबा एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. पहिली पाळी संपवून घरी यायचे, दगडानं घासून घासून अंघोळ करायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि भजनाला तबला वाजवायला निघायचे. नखांतला पिवळा रंग मात्र कधीच निघाला नाही. तबल्याच्या काळ्या शाईवर फिरणारी ती पिवळी नखं माझ्या डोळ्यांपुढे अजून जशीच्या तशी आहेत. दिवसभर हेल्मेट घालून राबलेला बड संध्याकाळी आरशासमोर हॅट नीट करतो, तेव्हा मला बाबाच दिसतात. पाळी संपल्यावर माणूस स्वतःचा होतो, त्यासाठी वेगळे कपडे लागतात आणि जायला एक जागा लागते. या सिनेमाला कोणी निव्वळ नाचगाण्याचा म्हणालं की म्हणून मला वाईट वाटतं.

स्पेन्सर हायवेवर पोचलो. रुंद रस्ता, टायरची दुकानं, टाकेरिया म्हणजे मेक्सिकन टाकोंची खानावळी. गिलीज १९८९ मध्ये बंद पडलं आणि १९९० मध्ये आगीत गेलं. हजारो माणसं मावणारी ती नाचाची जमीन आता नाही. कुंपणापाशी मी दहाएक मिनिटं उभी राहिले. ऊन मी म्हणत होतं. भावानं गाडीतून पाण्याची बाटली आणून दिली आणि काही न बोलता तोही शेजारी उभा राहिला.

इथंच तो यांत्रिक बैल होता. रोडिओत, म्हणजे उधळणाऱ्या बैलावर टिकून बसायच्या खेळात, उतरणाऱ्या स्वारांच्या सरावासाठी बनवलेलं हे यंत्र: मोटारीवर बसवलेलं चामडी धड, भोवती गाद्या, आणि बाजूला उभा असलेला माणूस हातातल्या कळीनं त्याला उसळवणार, गरगर फिरवणार. एका हातानं दोरी धरायची, दुसरा हात मोकळा. सिसीला त्यावर बसायचं असतं. बड साफ नाही म्हणतो. ती चोरून शिकते आणि एके रात्री सगळ्यांसमोर बसते, तीही त्याच्यापेक्षा सरस. डेब्रा विंगर त्या बैलावर सावकाश, लयीत झुलते. तिच्या चेहऱ्यावर घाई नाही, भीती नाही, आपल्याला हे जमतंय याचा शुद्ध आनंद आहे. आणि त्या आनंदापायीच घर मोडतं! पुढं बड त्याच बैलावरची स्पर्धा जिंकतो, दोघं परत एकत्र येतात, पण बैलावर बसायची तिची हौस सिनेमा जणू विसरूनच जातो. त्याबद्दल मी ब्रिजेसला माफ केलेलं नाही. गाडीत भावजयीला मी हे सगळं तावातावानं सांगत होते. ती म्हणाली, "ताई, मलाही इथं गाडी शिकताना असंच झालं होतं." भाऊ समोर बघून गाडी चालवत राहिला.

पुढच्या शनिवारी तिनंच बेत ठरवला. ह्यूस्टनपासून तीनेक तासांवर, न्यू ब्राउनफेल्समध्ये ग्रीन हॉल आहे. १८७८ मध्ये बांधलेला, टेक्ससमधला सर्वांत जुना अखंड चालू असलेला डान्स हॉल. पत्र्याचं छप्पर, लाकडी जमीन, एसी नाही. बाजूच्या झडपा उघड्या टाकल्या की वारा येतो. कंट्री गायक जॉर्ज स्ट्रेट नाव होण्याआधी आपला बँड घेऊन इथं गायचा. बँड गिटार जुळवत होता तोवर निम्मी जमीन भरलीसुद्धा. कुणाच्या बुटांना सिमेंट लागलेलं, कुणाच्या शर्टावर कंपनीचं नाव.

यांचा नाच म्हणजे टू-स्टेप. दोन पावलं भरभर, दोन सावकाश, आणि सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट्या दिशेनं हॉलभर फिरत राहतात. सत्तरीतली एक बाई आपल्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून माझ्या पुढ्यातून तीनदा गेली. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते, पण एकही पाऊल चुकत नव्हतं. तिसऱ्या फेरीला तिनं थांबून भावजयीला हातानं खुणावलं, "ये ना."

भावजय उठली. भाऊ म्हणाला, "मला येत नाही." ती म्हणाली, "मला तरी कुठं येतंय?"

पहिल्या फेरीला ते दोनदा धडकले. दुसऱ्या फेरीला भावाचे ओठ हलताना दिसले, तो पावलं मोजत होता. पहिल्या मात्रेवर मान किंचित खाली, थेट बाबांसारखी. मी दोघांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बाकावर बसले होते आणि माझी बोटं पिशवीवर ठेका धरून होती.