तुम्ही विचारलंत म्हणून: फुटबॉलच्या टीमचं नाव ‘तालीम’ कसं?

पुण्यात राहायला आल्यापासून हा प्रश्न मला दर सीझनला कुणीतरी विचारतंच. पेपरात कोल्हापूरच्या मॅचची बातमी असते, ‘पाटाकडील तालीम’ विरुद्ध ‘दिलबहार तालीम’. मग विचारणा होते, ‘अहो, तालीम कुस्तीची ना? फुटबॉलची कशी?’

तालीम कुस्तीचीच. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. पण कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौद नव्हे. गणपती तिथेच बसतो, आणि कितीतरी तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. पेठेत लग्न असो की मयत, माणसं आधी तालमीपाशी जमतात. अशा पेठेतली पोरं फुटबॉल खेळायला लागली तेव्हा त्यांना वेगळं नाव शोधावं लागलंच नाही. ज्या दारात वाढलो त्या दाराचं नाव घेतलं आणि मैदानात उतरले.

म्हणून ही नावं वाचताना गाव फिरल्यासारखं वाटतं. खंडोबा तालीम, ऋणमुक्तेश्वर तालीम ही देवळांची नावं. फुलेवाडी हे गगनबावड्याच्या रस्त्यावरचं उपनगर. ‘पाटाकडील’ हा शब्द तर मला फार आवडतो. पाटाच्या बाजूची ती तालीम, असा सरळ पत्ताच आहे तो. पूर्वी शेजारच्या बाईनं पोराला घर सांगावं तसा.

माझं आजोळ मंगळवार पेठेत, घर शिवाजी पेठेत. म्हणजे आईचं माहेर पाटाकडीलचं आणि वडील शिवाजी तरुण मंडळाचे. या दोघांची मॅच असली की आमच्याकडे सकाळपासून कमी बोललं जायचं. आठ-नऊ वर्षांचा असताना मामानं मला पहिल्यांदा शाहू स्टेडियमवर नेलं. पायऱ्या दुपारच्या उन्हानं तापलेल्या, त्यावर मामानं टॉवेल पसरला. शेजारी पांढरी टोपी घातलेले एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, ‘कुठला रे तू?’ मी शाळेचं नाव सांगितलं. ते म्हणाले, ‘शाळा नव्हं बाळा, पेठ सांग.’ मी ‘शिवाजी पेठ’ म्हणालो, आणि मामाच्या भोवतीची पाटाकडीलची सगळी माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. आजोबांनी पिशवीतून मूठभर शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. ‘असू दे, भाचा हाय. बसू दे हितंच.’ त्या शेंगा मी हाफ टाइमपर्यंत मुठीत तशाच धरून ठेवल्या होत्या.

पेठेचा हा अभिमान कधीकधी हाणामारीवरही जातो, मॅचेस बंद पडतात, आणि ते बघून जीव तुटतो. ते मी लपवणार नाही.

तालीम हे नाव ज्यांना खटकतं त्यांना इंग्लंडमधली नावं मात्र खटकत नाहीत. आर्सेनल म्हणजे शस्त्रागार. 1886 मध्ये वुलिचच्या सरकारी शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी ही टीम काढली. 1913 मध्ये क्लब थेम्स ओलांडून उत्तर लंडनला गेला तरी नाव राहिलं, छातीवरची तोफ राहिली. शेफिल्ड वेन्सडे तर सरळ ‘बुधवार’. मूळचा तो क्रिकेट क्लब. त्या कारागिरांना बुधवारी अर्धा दिवस सुट्टी मिळायची, म्हणून ते बुधवारी खेळायचे. 1867 मध्ये त्यांनीच फुटबॉल सुरू केला. आमच्याकडेही जुना बुधवार पेठ तालीम आहे. तिथे वार सुट्टीचा, इथे पेठेचा, पण दोन्ही नावं माणसांच्या रोजच्या जगण्यातून आलेली.

कंपन्यांची नावं असलेल्या टीमही मी आवडीनं पाहिल्या. मुंबईची महिंद्रा युनायटेड काय टीम होती! 2010 मध्ये कंपनीनं ती बंद केली आणि संपलं. एफसी पुणे सिटीच्या तर नावातच शहर होतं. 2019 मध्ये तिची जागा हैदराबादच्या क्लबनं घेतली. तेव्हा ऑफिसमधला एक मुलगा मला म्हणाला, ‘आता मी कुणाला सपोर्ट करू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोल्हापुरात हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण पेठ कुणी उचलून हैदराबादला नेऊ शकत नाही. कोलकात्यात 2020 मध्ये मोहन बागान या जुन्या क्लबच्या नावापुढे ‘एटीके’ हे दुसऱ्या क्लबचं नाव लागलं, तेव्हा लोक तीन वर्षं ते काढा म्हणून मागे लागले, आणि 2023 मध्ये ते निघालं. त्या लोकांचं मला एका क्षणात कळलं.

आता आमच्या टीममध्येही बाहेरचे खेळाडू येतात, नायजेरियाचेसुद्धा. पोरं त्यांना ‘पाटाकडीलचा’, ‘दिलबहारचा’ असंच ओळखतात. देश कुणी विचारत नाही.

एक नाव राहिलं, संध्यामठ. रंकाळ्याच्या पाण्यातला तो दगडी मठ. पावसाळ्यात बुडतो, फक्त वरचा भाग दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरतं, खांब मोकळे होतात, आणि तेव्हा स्टेडियमवर सीझनच्या शेवटच्या मॅचेस चाललेल्या असतात. संध्यामठ तरुण मंडळाची पोरं त्याच काठावरची. पुढच्या वेळी कोल्हापूरला आलात की आधी तिकडे घेऊन जातो, मग मॅचला.