खरवड

मे महिन्यातली दुपार आणि वीज गेलेली. मामाच्या पडवीत चटई टाकून पडलो होतो. पंखा थांबला म्हणूनच बहुधा तो आवाज कानावर आला. खर्र, खर्र, मग जरा दम, पुन्हा खर्र. भाताच्या टोपाची खरवड काढावी तसा, फक्त माडांच्या पलीकडून येणारा. कुणीतरी होडीचं बूड खरवडत होतं. पडल्या पडल्या एवढंही कळलं की होडी फायबरची आहे. लाकडावर पट्टी फिरते तेव्हा आवाज दबका येतो. फायबरवरचा थेट दातांत शिरतो. आणि ऐन दुपारी काम काढलंय म्हणजे पाणी नुकतंच उतरायला लागलं असणार, म्हणजे अमावास्या किंवा पौर्णिमा, नाहीतर त्यांच्या मागची-पुढची तिथी. कॅलेंडर बघायला उठायची गरज नव्हती. झोप मात्र गेली ती गेलीच.

मला समुद्रात जायला आवडत नाही. मामाच्या होडीत नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, बसून निघालो की मालवणजवळच्या सर्जेकोटचे खडक मागे पडायच्या आत माझं जे काही होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि मामाने ते वाडीभर सांगून ठेवलेलं आहेच. होडी घासायला मात्र मला कधीही हाक मारा. मासेमारीवर लोक भरभरून बोलतात, जाळ्यात काय आलं आणि किती आलं ते सांगतात. होडी पाण्यात असते त्याच्यापेक्षा जास्त वेळ माणूस तिच्यामागे असतो, हे कुणी बोलत नाही. त्यात सांगण्यासारखं काय, असं होडीवाल्यांनाही वाटतं.

मामाची रोजची रीत ठरलेली. होडी वर ओढली की जाळी बाहेर, आणि लगेच बादल्या. धुवायची खाऱ्या पाण्यानेच, कारण गोडं पाणी विहिरीवरून यायचं असतं आणि ते इंजिनाच्या नावाने राखलेलं असतं. बांगड्याचे-तारल्यांचे खवले ओले आहेत तोवर एका बादलीत जातात. उन्हात वाळले की नखाने काढत बसावं लागतं. तळाचं पाणी उपसायला गोड्या तेलाचा पाच लिटरचा कॅन, तिरका कापलेला. विकत मिळणारं कुठलंच भांडं होडीच्या पोटाच्या वळणात इतकं चपखल बसत नाही. मग इंजिन पिंपातल्या गोड्या पाण्यात बुडवून थोडा वेळ चालवायचं, म्हणजे आतल्या नळ्यांतलं मीठ धुऊन निघतं. शेवटी इंजिनाचा पंखा. पंख्याच्या मागे तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, अडकलेला असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. फिरता फिरता तो आतलं सील कापतो, पाणी गिअरमध्ये शिरतं. गिअरचं ऑइल पांढुरकं निघालं की मामा काही बोलत नाही. त्या दिवशी मामीही त्याला काही विचारत नाही.

इथे माझा एक हट्ट सांगून टाकतो. वरून रंगवलेली होडी मला बघवत नाही. नारळी पौर्णिमा जवळ आली की किनाऱ्यावर एकेका होडीला निळा, पोपटी, नारिंगी असा रंग चढतो, नाळेवर नाव, नावाला सावली, बाजूला मासा. छान दिसतं. पण खाली वाकून बघावं तर बुडाला गेल्या मोसमाचा थर तसाच, त्यावरून एक हात तांबडा मारलेला. फोटो कुणी बुडाचा काढत नाही हे मला समजतं. तरीही अशा होडीच्या मालकाशी मी जरा तुटक बोलतो. मामा म्हणतो, तुका काय करूचा आसा, होडी तेची, डिझेल तेचा. खरं आहे. ज्याच्या बुडाला शिंपल्यांचा थर, त्याचं इंजिन जास्त पितं; त्याचा त्याला दंड होतोच.

आजोबांच्या वेळी होडी लाकडाची होती. सांधे कापसाने भरलेले, वर राळ-चंद्रूस. तिची मोठी सफाई मे महिन्यात निघायची, पाऊस पडायच्या आत, आणि ती नेमकी माझ्या सुट्टीत. आजोबा तिथीवरून वेळ सांगायचे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पंधराव्या तिथीला सव्वाअकरा. त्यांना अंकगणित यायचं ते एवढंच, आणि त्यात कधी चूक नाही. अमावास्येच्या उधाणाला अकरा-साडेअकराला होडी कोळंबच्या खाडीत जितकी वर जाईल तितकी न्यायची. पाणी ओसरलं की ती आपसूक वाळूवर बसायची, मग एका अंगावर कलती करून खाली माडाचे ओंडके. पुढचे पाच-सहा तास आपले. ते अंग झालं की दुसरं दुसऱ्या दिवशी, पाऊण-एक तास उशिराने.

कलत्या होडीखाली जी चिंचोळी सावली पडायची तिथे मोठ्या माणसाचं डोकं जायचं नाही. तिथे आम्हाला घालायचे. मला आणि माझ्या मावसभावाला. शेवाळाला करवंटी, शिंपल्यांना झिजून बोटभर राहिलेला विळा. उताणं पडून खरवडायचं, त्यामुळे सगळं तोंडावर. डोळे मिटले तर दिसत नाही आणि उघडले तर मीठ. ती पांढरी टोकदार कवचं बोटांच्या पेरांना कापायची, आणि खारं पाणी लागलं की कुठे कुठे कापलंय ते एकदम कळायचं. मावसभाऊ रडायचा. मी रडायचो नाही, कारण तो रडायचा. वर बाहेर बायका हसत असायच्या, कुणीतरी कैरी कापत असायचं, आणि आमच्या हातात एक तुकडा यायचा मीठ-मसाला लावलेला, तोही त्याच कापलेल्या बोटांनी खायचा.

खरवडून झालं की आम्हाला बाहेर ओढायचे, आणि मग माझ्या आवडीचा भाग. सुकी चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, पेटवून बूड शेकायचं. जाळ लाकडाला लागता कामा नये आणि ऊब मात्र फळीच्या आत पोचली पाहिजे, म्हणजे आतली कीड मरते. दोन माणसं पेटती चुडतं घेऊन हळूहळू सरकायची आणि मागून आजोबा फळीवर तळहात टेकवत चालायचे. हात टेकवला आणि लगेच उचलला तर जाळ पुढे. टेकवून ठेवता आला तर जाळ तिथेच. तोंडाने काही सांगत नसत. लाकडातून बारीक चर्रचर्र व्हायची, ओल फेसासारखी बाहेर यायची, आणि जळक्या शेवाळाचा जो वास सुटायचा तो मला अजून कुठल्याही अत्तरापेक्षा बरा वाटतो. मग गरम फळीवर उंडेल तेलाचे हात. उंडीच्या बियांचं हे तेल कडू, हिरवट, हाताला लागलं की जेवताना कळायचं. फळी ते पीत राहायची. आजोबा एकदाच मागे वळून खाडीच्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, ‘‘आटपा रे, पाणी येता.’’

एवढं करून होडी पावसात चुडतांनी शाकारून ठेवायची. पुन्हा पाण्यात उतरवली की पहिला दिवस ती गळायचीच. फळ्या उन्हाने आकसलेल्या, त्या पाणी पिऊन फुगेपर्यंत होडी अर्धी भरलेली तशीच ठेवायची. शहरातल्या पाहुण्यांना वाटायचं, बुडाली.

ती बोटं कापणारी कवचं शिंपल्यांच्या जातीची नाहीत, हे मला फार उशिरा, एका पुस्तकातून कळलं. इंग्रजीत त्यांना बार्नेकल म्हणतात आणि तो प्राणी कुर्ली-कोळंबीच्या भावकीतला. पोर असताना पाण्यात मोकळा पोहतो, मग एक जागा पसंत करून डोकं खाली टेकवतो, स्वतःच्या डिंकाने चिकटतो, भोवती घर बांधतो आणि उरलेला जन्म पाय वर करून पायांनीच अन्न तोंडात ढकलतो. डार्विनने या प्राण्यावर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घातली. त्याच्या पोरांनी बापाला दुसरं काही करताना फारसं पाहिलंच नव्हतं, त्यामुळे एका पोराने शेजारच्या घरी विचारलं म्हणे, ‘तुमचे बाबा त्यांचे बार्नेकल कुठे बसून करतात?’ मला हे पोर फार जवळचं वाटतं. आणि गंमत अशी की आजोबा ज्याला कीड म्हणून शेकायचे, लाकूड पोखरणारी ती लांबलचक अळी, ती अळी नाहीच. ती शिंपल्यांच्या घरातली. चिमुकली दोन कवचं तोंडाशी धरून लाकूड किसत जाते आणि मागच्या बोगद्याला चुन्याचं अस्तर लावते. ते बघून ब्रुनेल नावाच्या इंजिनिअरला नदीखाली बोगदा कसा खणावा ते सुचलं, आणि १८४३ साली लंडनच्या थेम्सखालचा बोगदा खुला झाला. म्हणजे जे शिंपलं दिसतं ती कुर्ली आणि जी अळी दिसते ते शिंपलं. आजोबांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, बरा, आता खरवड.

दोघांवर एक जुना उपाय होता, फुकटचा. होडी पावसाळ्यात खाडीत वर, गोड्या पाण्यात नेऊन बांधायची. खाऱ्या पाण्याची ही प्रजा गोड्यात तग धरत नाही.

आता रंगाचा डबा येतो. बुडाचा रंग बहुतेक तांबडा का, तर त्यात तांब्याचं ऑक्साइड असतं आणि तांबं या मंडळींना सोसत नाही. पूर्वी मोठ्या जहाजांच्या बुडाला तांब्याचा पत्राच ठोकत. तो समुद्रात विरघळून झिजे, म्हणून हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराला सांगितलं की पत्र्याला जस्ताचे, लोखंडाचे तुकडे जोडा. ते झिजतील, तांबं वाचेल. तांबं खरंच वाचलं. आणि वाचलं म्हणून पाण्यात उतरेना, आणि उतरेना म्हणून जहाजांच्या बुडाला शेवाळ नि कवचं बेफाट वाढली. बेत सोडून द्यावा लागला. मामाच्या इंजिनाला खालच्या बाजूला जस्ताची एक वडी असते, तीही त्याच हिशेबाने खारं पाणी खाऊन टाकतं. अर्धी झाली की नवी लावायची. तिला रंग लावायचा नाही, नाहीतर ती झिजणार नाही आणि इंजिनाचं ॲल्युमिनियम झिजेल.

हे झिजलेलं जातं कुठे, हा प्रश्न आजोबांच्या होडीच्या बाबतीत कुणाला पडायचं कारण नव्हतं. शेवाळ, कवच, राख, उंडेल, कापसाचा पिंजर, सगळं भरतीबरोबर गेलं तरी बिघडत नव्हतं. मध्यंतरी मोठ्या देशांत कथिलाचं एक संयुग घातलेला रंग निघाला होता. बूड वर्षानुवर्षं स्वच्छ. पण फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात कालवांची पिल्लं १९७०च्या दशकात चिकटून बसायचीच थांबली, बसलेल्यांची कवचं वेडीवाकडी जाड झाली. फ्रान्सने १९८२ मध्ये लहान बोटींना तो रंग बंद केला. जगभरच्या जहाजांना बंद व्हायला २००८ उजाडलं. आमच्या खडकांवर ओहोटीला बायका कोयती घेऊन कालवं काढायला बसतात, तेव्हा मला हे उगाच आठवतं. तांबं त्या रंगाइतकं वाईट नाही. पण मामा पट्टी फिरवतो तेव्हा वाळूवर तांबडी पापडी पडते, आणि ती कुणी गोळा करत नाही. मीही केलेली नाही.

फायबरला नावं ठेवायचा माझा विचार नाही. मामाचे गुडघे आता होडीखाली शिरण्यातले राहिले नाहीत. फायबरची होडी हलकी, चार माणसं ओढतात, कीड नाही, कापूस नाही, शेकणं नाही. खरवडलं, काचकागद मारला, रंग दिला, झालं. कागद मारताना उडणारी पूड अंगाला खाजते, आणि श्वासात गेली तर छातीलाही वाईट. आजोबांची होडी गेली तेव्हा तिची नाळ मांगराच्या दारात बाक म्हणून आली, दोन फळ्या कुंपणाला लागल्या, बाकीची चुलीत गेली. पाणी तापवायला उंडेल प्यालेलं लाकूड फार चांगलं, मामी अजून आठवण काढते.

माडांच्या कडेला केवड्यात एक फायबरची होडी पडलेली आहे. तळ फुटलेली, रंग उडून आतले धागे वर आलेले. कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे, बोलायचं नाही. भंगारवाला बोल्ट आणि कड्या काढून घेऊन गेला; होडीला त्याने हात लावला नाही. ती वितळत नाही, कुजत नाही. पेटवायला गेलं तर काळा धूर होतो, एकदा पोरांनी पेटवून बघितलं आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांनी दारं लावून घेतली. तिच्या शेजारी गेल्या पावसानंतर दुसरी आली. किनाऱ्यावर आज ज्या नव्याकोऱ्या उभ्या आहेत त्याही कधीतरी तळ फुटून वर येणार.

वीज काही आली नाही. संध्याकाळी मामाला विचारलं, ह्या सगळ्याचं पुढे काय करायचं? तो जस्ताच्या वडीचा बोल्ट पिळत होता. म्हणाला, ‘‘तुज्या झिलाक इचार. तवसर तोच आसतलो.’’

माझा मुलगा पुण्याला असतो. फोनवर त्याला विचारायचं दरवेळी राहून जातं.