फाटकाजवळचा फळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात, असे पत्र आले आणि सर्वांत आधी आठवल्या त्या आपल्या मराठीच्या बाई. विकासक्षेत्रातील संवादाचे जे काम मी वीसहून अधिक वर्षे करीत आले, त्याची मुळाक्षरे त्यांनीच माझ्याकडून गिरवून घेतली.

आठवीत असताना फाटकाजवळच्या फळ्यावर सूचना लिहिण्याचे काम बाईंनी माझ्याकडे सोपवले होते. शाळेची टाकी धुतली जाणार होती, तेव्हा मी वळणदार अक्षरांत लिहिले, ‘जलकुंभाच्या स्वच्छतेप्रीत्यर्थ उद्या पेयजल अनुपलब्ध राहील.’ दुसऱ्या दिवशी पहिली-दुसरीची कितीतरी मुले बाटलीवाचून आली आणि मधल्या सुट्टीत रडकुंडीला आली. बाई रागावल्या नाहीत. शाळा सुटताना त्यांनी मला फळ्यापाशी उभे केले आणि मुलांना न्यायला आलेल्या आयांना ती सूचना वाचायला सांगितली. जांभळी नाक्यावर भाजी विकणाऱ्या एका आईने ‘जलकुंभाच्या’पर्यंत अक्षरे जुळवली आणि मग मान खाली घातली, ती खाली गेलेली मान मला आजही दिसते. त्या गेल्यावर बाई म्हणाल्या, ‘त्यांची चूक नाही, बाळ. तुला लिहिता आलेले नाही.’

पुढे एका आंतरराष्ट्रीय संस्थेतर्फे पोलिओ निर्मूलनाच्या कामासाठी मी पश्चिम उत्तर प्रदेशात गेले. तेथे लसीकरणाची पथके घराघरांवर खडूने खूण करीत. सर्व बालकांना डोस मिळाला असेल तर ‘पी’, कोणी राहिले असेल किंवा घरच्यांनी नकार दिला असेल तर ‘एक्स’. या थेंबांनी मुले पुढे वंध्य होतात, अशी अफवा होती आणि आमची भित्तिपत्रके तिच्यापुढे फिकी पडत. ‘एक्स’चा ‘पी’ झाला तो मुख्यतः त्याच मोहल्ल्यातील स्त्रिया पुन्हा पुन्हा उंबरठ्यावर जाऊन बसल्यामुळे आणि मशिदींतून इमामांनी आवाहन केल्यामुळे. २००९ मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. नैसर्गिक विषाणूचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्या यशात माझा वाटा खारीचा, पण त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता मी एका विद्यापीठाच्या विस्तारकार्यात आहे. माती, पोषण, पाणी यांवरील संशोधन शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पोहोचवायचे असते, तेव्हा कोणतेही पत्रक छापण्यापूर्वी ते तेथील आशाताईंकडून मोठ्याने वाचून घ्यावे, असा माझा आग्रह असतो. काही प्राध्यापकांना तो जाचक वाटतो. मी मात्र तो सोडलेला नाही.

गेल्या महिन्यात शाळेत जाऊन आले. फळा काढून टाकला आहे, सूचना पालकांच्या मोबाइलवर जातात. सोय झाली हे खरे, परंतु वाचणाऱ्याचा चेहरा लिहिणाऱ्याला आता दिसत नाही, याचे मला वाईट वाटले.

२०१४ मध्ये पोलिओच्या कामावरचा माझा लेख मी बाईंना पाठवला होता. तो टपालाने परत आला. ‘समुदाय-संघटन’ या शब्दाखाली लाल रेघ आणि समासात ‘म्हणजे काय?’ मी पोस्टकार्डावर उत्तर लिहिले, ‘बाई, म्हणजे शेजारणीने दाराशी बसून समजावून सांगणे.’ त्या दिवाळीत नौपाड्यात त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते कार्ड त्यांच्या टेबलाच्या काचेखाली होते.