चाकं बाहेर आली आणि परत आत गेली

सोलापुरातून सहली काढायला लागून मला वीस वर्षं झाली. इतकी वर्षं गोवा म्हणजे रात्रभराची बस, पहाटेचा घाट आणि सुजलेले पाय. होटगी रोडच्या विमानतळापायी गावानं काय काय सोसलं, ते सोलापूरकरांना सांगायला नको. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची धुराची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, तेव्हा कुणी आनंदानं ओरडलं, कुणाचे डोळे भरून आले. उसावर ज्यांचं घर चालतं त्यांचं दुःख खोटं नव्हतं. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, आणि त्याच पावसाळ्यात मी चौदा जणांना घेऊन निघालो. तेरा जण पहिल्यांदाच विमानात बसणार होते.

त्यात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक अम्मा होत्या. जन्मभर विड्या वळून तीन पोरं शिकवली. त्यांना मंगेशीचं आणि शांतादुर्गेचं दर्शन घ्यायचं होतं. तपासणीच्या मशीनवर त्यांची पिशवी थांबली. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या पुडक्याखाली तेंदूपान कापायची कात्री निघाली. "पिशवीतच असती की ती, काढायची कशाला?" अम्मा म्हणाल्या. बाहेर थांबलेल्या पोराला बोलावून ती त्याच्या हाती दिली. कात्री चालत नाही हे मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझीच.

विमान एटीआर, म्हणजे छोटं. पंख वर, खिडक्या खाली, दोन्ही बाजूंना पंखे. शेपटीकडच्या जिन्यानं चढायचं. अम्मांची जागा मधोमध, खिडकीशी. मी शेजारी. रानं, तळी, मग सह्याद्री. घाटमाथा आला आणि खालचं सगळं पांढरं झालं.

आम्ही उतरणार होतो तो गोव्याचा मोपा विमानतळ पेडणे तालुक्यातल्या उंच सड्यावर, म्हणजे सपाट पठारावर आहे. पावसाळ्यात ढग कधीकधी सड्यावरच येऊन बसतात. विमान खाली येऊ लागलं. अम्मांच्या खिडकीखालून चाकं बाहेर आली, त्यांनी मला बोट दाखवून दाखवली. मग ढगाच्या फटीतून लाल माती, ओली झाडी, एक कौलारू घर दिसलं. आता टेकणार, असं वाटत असतानाच इंजिनांचा आवाज एकदम वाढला, पाठ सीटला दाबली गेली आणि विमान वर निघालं. चाकं परत आत गेली.

मागं कुणीतरी देवाचा धावा सुरू केला. अम्मा काहीच बोलल्या नाहीत. पण त्यांची बोटं मांडीवर चालू होती. पान घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, टोक दाबायचं. एक संपली की दुसरी. हातात काही नव्हतं. ती बोटं मी अजून विसरलेलो नाही.

मी पट्टा सोडून उठू शकत नव्हतो. बसल्या जागेवरूनच मोठ्यानं सांगितलं, "घाबरू नका! पायलटला एक उंची ठरवून दिलेली असते. तिथं येईपर्यंत धावपट्टी दिसली नाही, तर उतरायचं नाही, वर जायचं. याला गो-अराउंड म्हणतात. त्यानं नियम पाळलाय!" थोड्या वेळानं कॅप्टननंही तेच सांगितलं. पंधरा मिनिटांनी विमान परत खाली आलं, आणि या वेळी पट्टी स्वच्छ दिसली.

खरं तर हे सगळं मी सोलापुरात, गेटबाहेरच सांगायला पाहिजे होतं. आता दर सहलीला सांगतो. कात्रीचं सांगतो, चाकांचं सांगतो. गोव्यात दोन विमानतळ आहेत, दाबोळी वास्कोजवळ आणि मोपा पार उत्तरेच्या टोकाला, तेव्हा हॉटेल कुठल्या भागात आहे ते आधी बघा, हेही सांगतो. दक्षिणेत खोली घेऊन मोपाला उतरलेल्या माणसाचा बराच वेळ रस्त्यातच जातो.

जिना उतरताना पाऊस भुरभुरत होता. अम्मांनी माझा दंड धरला होता. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या. वाटलं, आता विमानाबद्दल काही म्हणतील.

"पोराला फोन लाव, बाळा," त्या म्हणाल्या. "कात्री वरच्या फळीवर ठेव म्हण. भाजी चिरायला घेऊ नका म्हण, धार जाती."

मी तिथंच, पावसात उभं राहून फोन लावला.