पोकाहोन्टसचं पहिलं अक्षर

रविवार, रात्री साडेअकरा

भाची सुट्टीला आली आहे. सध्या तिला एकच ध्यास लागलाय: इतिहासातल्या ज्या माणसांची कार्टून झाली, त्यांचे स्वभाव-प्रकार ठरवायचे. त्यासाठी वेगळी वही केली आहे. स्वभावाच्या उलटसुलट बाजूंच्या चार जोड्या (अंतर्मुख की बहिर्मुख, अशा), प्रत्येकीतून एक अक्षर, असे सोळा प्रकार. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ सालच्या पुस्तकाचा आधार घेऊन कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची लेक इझाबेल मायर्स यांनी बसवलेली ही पद्धत. मला खेळ आवडला. एखाद्याचा स्वभाव ओळखायला बसलं की त्याच्याकडे नीट बघावं लागतं.

आज १९९५ च्या डिस्नेपटातली पोकाहोन्टस घेतली, अमेरिकेतल्या एका मूळनिवासी सरदाराची लेक. भाचीने दोन मिनिटांत निकाल दिला. "मावशी, ही ईएनएफपीच, म्हणजे बहिर्मुख, कल्पक, भावनाप्रधान, मोकळी! कड्यावरून बिनधास्त उडी मारते, अनोळखी माणसाला घाबरत नाही, झाडाशीसुद्धा बोलते." पडद्यावरच्या मुलीबद्दल मला काहीच हरकत नव्हती. चित्रकारांनी तिला तशीच काढली आहे. पण वहीत वर नाव लिहिलं होतं नुसतं 'पोकाहोन्टस', आणि तिथे मी अडले.

कारण ते तिचं खरं नावच नव्हे. तिची नावं अमोनुटे आणि माटोआका. पोकाहोन्टस हे टोपणनाव, अर्थ साधारण खेळकर, खोडकर. म्हणजे तिचा स्वभाव-प्रकार तिच्याच माणसांनी लहानपणी ठरवून टाकला होता! आपल्याकडे नाही का, एकदा बंड्या म्हटलं की तो साठीतही बंड्याच राहतो. १६०७ मध्ये इंग्रज व्हर्जिनियात उतरले तेव्हा ती जेमतेम अकरा वर्षांची होती. जेम्सटाउन या इंग्रजांच्या वसाहतीत येऊन तिथल्या पोरांबरोबर ती हातांवर कोलांट्या मारायची, असं तिथे राहिलेल्या विल्यम स्ट्रेचीने लिहून ठेवलंय. ही मुलगी मला सिनेमातलीपेक्षा जास्त आवडते. वसाहतीतला इंग्रज पुढारी जॉन स्मिथ याला तिने मरणातून वाचवल्याची गोष्ट मात्र त्याच्या १६०८ च्या वृत्तांतात नाही, ती सविस्तर येते १६२४ च्या पुस्तकात. तोवर पोकाहोन्टस जाऊन सात वर्षं झाली होती.

मग भाचीला सायमन व्हॅन डी पासचं १६१६ चं कोरीव चित्र दाखवलं. तिला समोर बसवून काढलेलं हे एकच चित्र आज आहे. डोक्यावर उंच टोपी, गळ्याशी कडक लेसची कॉलर, हातात पिसांचा पंखा, वय एकवीस. १६१३ मध्ये इंग्रजांनी तिला पळवून ओलीस ठेवलं, पुढे बाप्तिस्मा होऊन ती रिबेका झाली, जॉन रॉल्फ या इंग्रजाशी लग्न झालं, मुलगा झाला, आणि ती इंग्लंडला गेली. चेहऱ्यावर हसू नाही. भाची बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "ही तीच आहे?"

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये स्मिथ तिला भेटायला गेला. तो मेला असंच तिला सांगितलेलं होतं. स्मिथच लिहितो की तिने एक शब्द न बोलता पाठ फिरवली, तोंड लपवलं, आणि शेवटी सगळ्यांनी तिला दोन-तीन तास तसंच सोडलं. मग ती बोलली, आणि तुमचे लोक फार खोटं बोलतात, हेही तिने त्याला तोंडावर सुनावलं. मला तिचा जो काही स्वभाव कळला, तो या प्रसंगातून. तोही स्मिथच्याच लेखणीतून, कारण तिच्या हातची एकही ओळ आपल्याकडे नाही. मार्च १६१७ मध्ये घरी परतायला निघाली आणि इंग्लंडमधल्याच ग्रेव्ह्जएंडला वारली.

"दोन-तीन तास काय करत असेल गं ती?" भाचीने विचारलं. मला सांगता आलं नाही. तिने वहीत नावापुढे 'सिनेमातली' असं लिहिलं. खाली दुसऱ्या ओळीत 'माटोआका', आणि पुढची चारही घरं कोरी ठेवली.

उद्या १९९७ च्या कार्टूनपटातली अ‍ॅनास्तेशिया घ्यायची आहे, त्या रशियन झारची धाकटी लेक. तिलाही घरात 'श्विब्झिक' म्हणायचे, म्हणजे खट्याळ पोर. हे भाचीला सकाळी आधी सांगायचं, मगच वही उघडायची.