शनिवारी बंद

अलिबागची इस्रायल आळी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. शेजारच्या काकूंकडचा मलिदा, म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं, खातच मी मोठी झाले. बेने इस्रायली लोक, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, शनिवार हा देवाचा वार म्हणून त्या दिवशी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, हेही मला शाळेत असल्यापासून ठाऊक. आणि तीच मी, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी भुरभुर पावसात, अ‍ॅमस्टरडॅमच्या पोर्तुगीज सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, बंद दारापुढं उभी होते. हे म्हणाले, "तुला तरी कळायला हवं होतं." काय बोलणार!

मुलगा अ‍ॅमस्टरडॅमला लागूनच अ‍ॅमस्टेलव्हेनला असतो. त्याच्याकडचं म्युझियमकार्ड वर्षभर चालतं, पण त्यावर त्याचाच फोटो, त्यामुळे आम्हाला निरुपयोगी. तेव्हा तात्पुरतं कार्ड मिळायचं, ३१ दिवसांचं आणि पाच संग्रहालयांपुरतं. ते दोघांसाठी काढलं. हिशेब सोपा होता: सिनेगॉग, माळ्यावरचं चर्च, जुनं चर्च आणि उरलेली दोन चित्रकार रेम्ब्राँच्या नादी असलेल्या ह्यांच्या मर्जीची. पण कुठल्या देवाचा सुट्टीचा वार कोणता, हे कार्डावर छापलेलं नसतं. एका कॅफेत बसून मुलाला फोन लावला आणि बेत उलटा केला. शनिवारी चर्च, रविवारी सकाळी सिनेगॉग. रविवारी चर्चमध्ये सकाळी प्रार्थना असते, आपल्यासारख्यांना दुपारनंतर प्रवेश.

माळ्यावरचं चर्च रेड लाइट भागातच आहे. खिडक्यांकडे बघायचं की नाही या विचारात हे इतके गोंधळले की घर ओलांडून पुढे गेले. बाहेरून ते कालव्याकाठचं चारचौघांसारखं घर. १५७८ साली शहर प्रोटेस्टंटांच्या हाती गेलं आणि कॅथलिकांना उघडपणे उपासना करायची बंदी झाली. यान हार्टमन नावाच्या कॅथलिक व्यापाऱ्यानं १६६१ मध्ये हे घर आणि मागची दोन घरं घेतली आणि तिन्हींच्या माळ्यांचं मिळून १६६३ पर्यंत एक चर्च उभं केलं. शहराला माहीत नव्हतं असं मुळीच नाही. रस्त्यावरून दिसलं नाही म्हणजे झालं, असा तो मामला. आपल्याकडच्या चाळीत मांजर पाळतात तसा.

आत मोठ्या पिशव्या ठेवून घेतात. जिने मात्र असे उभे की वर जाताना नाक पुढच्या पायरीला लागतं. माझे गुडघे दर मजल्यावर कुरकुरले. घरातली दिवाणखाना, शेजघर, स्वयंपाकघर अशी दालनं बघत बघत शेवटची वळणं घेतली आणि एकदम दोन मजली सज्जे, ऑर्गन, वेदी! वेदीवर याकोब डे विट यांनी रंगवलेलं येशूच्या बाप्तिस्म्याचं चित्र. पण मला भुरळ घातली ती प्रवचनपीठानं. वेदीच्या डाव्या खांबाच्या पोटात ते घडी करून लपवलेलं असतं, हवं तेव्हा बाहेर फिरवून घ्यायचं. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीतून पलंग काढणाऱ्यांना यातली हुशारी लगेच कळेल. या माळ्यावर दोनशेहून जास्त वर्षं उपासना चालली. १८८७ मध्ये स्टेशनजवळ संत निकोलसाचं मोठं, उघडं चर्च झालं आणि १८८८ मध्ये इथं संग्रहालय.

रविवारी सकाळी सिनेगॉग. दारात पिशव्यांची कसून तपासणी, मग ह्यांच्या टकलावर किप्पा, म्हणजे ज्यूंची छोटी गोल टोपी. तो दोनदा घसरला, तिसऱ्यांदा ह्यांनी हातानंच धरून ठेवला. आत पाऊल टाकलं आणि पायाखाली चर्र वाजलं. लाकडी जमिनीवर बारीक वाळू पसरलेली! बुटांची धूळ, ओल आणि आवाज ती शोषून घेते म्हणे. विजेचे दिवे नाहीत. पितळी झुंबरांत हजारभर मेणबत्त्या लावायची सोय आहे, आणि त्या आजही लावल्या जातात. धर्मग्रंथ ठेवायचं भलंमोठं कपाट ब्राझीलहून आलेल्या जॅकरंडाच्या लाकडाचं. शेकोटी-हीटर काही नाही, त्यामुळे थंडी हाडात शिरत होती, पण मला तिथून हलवेना.

ही इमारत १६७५ ची. म्हणजे हार्टमनच्या माळ्यानंतर बाराच वर्षांनी. ख्रिस्ती कॅथलिकांनी माळ्यावर लपून प्रार्थना करायची आणि स्पेन-पोर्तुगालमधून छळामुळं निघालेल्या ज्यूंनी मात्र भर चौकात एवढी उंच वास्तू बांधायची! आदल्या दिवशीचे ते अरुंद जिने चढून आल्यामुळंच हा उलटा न्याय मला इतका लख्ख दिसला. शनिवारी दार उघडं असतं तर कदाचित नुसती झुंबरंच बघितली असती. अर्थात सहिष्णुतेलाही कुंपण होतंच. याच समाजानं १६५६ मध्ये तत्त्वज्ञ स्पिनोझाला बहिष्कृत केलं होतं, तेव्हा ही इमारत व्हायची होती.

दुपारी जुनं चर्च. १३०६ मध्ये अभिषेक झालेलं, शहरातली सर्वांत जुनी इमारत. आत मूर्ती जवळजवळ नाहीत. १५६६ मध्ये प्रोटेस्टंटांनी केलेल्या मूर्तिभंजनात चर्च लुटलं गेलं, लाकडी छतावरची चित्रं तेवढी उंचीमुळं वाचली. जमीन म्हणजे थडग्यांचे दगड, अडीच हजारांच्या आसपास. रेम्ब्राँची बायको सास्किया इथंच पुरलेली, हे तिच्या दगडाशी बराच वेळ उभे राहिले. मला थडग्यांवरून चालताना कसंसंच होत होतं; पाय कुठं ठेवावा कळेना. शेवटी जुन्या लाकडी बाकांकडे गेले. त्यांच्या घडीच्या बैठकांखाली म्हणींची चित्रं कोरलीत, आणि एका ठिकाणी चक्क पैसे हगणारा माणूस. चर्चमध्ये! ह्यांना बोलावून दाखवला, तेव्हा कुठे सास्किया सुटली.

संध्याकाळी घरी आल्यावर दारात बूट काढले. खाचांतून चिमूटभर वाळू फरशीवर सांडली. सूनबाई म्हणाल्या, "आई, एवढ्या थंडीत समुद्रावर गेला होतात?"